गोचिडीच्या पाठीवरचा पांढरा ठिपका

"टीचर, आमच्या गायीच्या कानात असते तिला असा ठिपका नसतो."

बारावीच्या वर्गातला हा मुलगा सहसा आपणहून बोलत नाही. फळ्याशेजारी मी आदल्या संध्याकाळी लावलेले चित्र होते: गोचिडीचा मोठा रंगीत फोटो, तपकिरी अंग आणि पाठीवर एक ठळक पांढरा ठिपका. वाळपईच्या दुकानातून चांगल्या कागदावर छापून आणला होता. मी त्याला म्हटले, गायीची गोचीड वेगळी आणि माकडतापाची वेगळी. तास पुढे गेला, पण मनाला स्वस्थता लागेना. त्या रात्री फोटो पुन्हा उघडून तो मुळात कुठला आहे ते शोधले. ती अँब्लिओमा अमेरिकानम नावाची जात निघाली, उत्तर अमेरिकेत आढळणारी. मादीच्या पाठीवरचा तो एकुलता एक ठिपका हीच तिची ओळख. आपल्याकडे माकडताप, म्हणजे गोचिडीच्या चाव्याने होणारा विषाणूचा ताप, मुख्यतः पसरवते ती हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा. तिच्या पाठीवर असा ठिपका नसतो.

माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुले फेब्रुवारी ते मे काजूच्या बागायतीत असतात. पहाटे पातेऱ्यात, म्हणजे पाचोळ्यात, पडलेली बोंडे वेचायची, बिया काढायच्या, बोंडे भट्टीवर द्यायची आणि मग शाळेत यायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर दिवसभर तेच. यांतल्या एखाद्या मुलीने पायावरची गोचीड पाहिली, 'हिला ठिपका नाही, म्हणजे ही ती नव्हे' असे ठरवून चिरडून टाकली आणि आठवड्याने ताप आल्यावरही कोणाला सांगितले नाही, तर? तो फोटो मी लावला होता. दुसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना व्हायच्या आत काढला आणि वर्गाला सांगितले की चित्र चुकीचे होते.

तिथून पुढे जवळजवळ वर्षभर मी या एका पाठासाठी साहित्य शोधत होते. ते कसे केले ते लिहिते आहे, कारण जीवशास्त्र आणि आरोग्याचे विषय शिकवणारे माझ्यासारखे अनेकजण रात्री दहानंतर, घरचे आवरून, मोबाईलच्या उजेडात हेच करत असतात.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. हेल्थकेअर या व्यवसाय विषयाचे काही तासही माझ्याकडे येतात. पुस्तके एनसीईआरटीची. बारावीत 'मानवी आरोग्य आणि रोग' हा धडा आहे. त्यात विषमज्वर, न्यूमोनिया, हिवताप, आमांश, हत्तीरोग, डेंग्यू आहेत, माकडताप नाही. देशभराच्या पुस्तकात तो नसणे मी समजू शकते. पण २०१५ पासून सत्तरीत या तापाचे रुग्ण सापडत आले आहेत, आणि शेजारच्या दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातही २०१६ पासून. इथल्या मुलांना विषमज्वर ओळखणारी विडाल चाचणी काय असते ते येते, पण स्वतःच्या कुळागरामागच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेमागच्या, जंगलातला रोग कसा येतो ते येत नाही, हे मला बरोबर वाटत नव्हते.

शोधाची पहिली अडचण नावाचीच होती. मराठीत कोणी 'माकडताप' एकत्र लिहितो, कोणी तोडून. मूळ नावाचे तर विचारूच नका: क्यासनूर, कॅसनूर, क्यासानूर. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडे मरू लागली, माणसे आजारी पडू लागली, आणि पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, हा विषाणू शोधला. प्रत्येक वर्णलेखन वेगळे टाकून पाहिले तेव्हा दर वेळी वेगळीच पाने समोर आली. त्यात २०२२ मध्ये एमपॉक्सची साथ आली होती आणि तेव्हा सगळीकडे 'मंकीपॉक्स' हाच शब्द होता. त्यामुळे 'मंकी फीवर' शोधले की अंगावर फोड आलेल्या रुग्णांचे फोटो समोर. हे दोन आजार पूर्ण वेगळे. माकडतापात तसे फोड येत नाहीत आणि तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. पण एका मुलीने घरी शोधून नेमके तेच फोटो वहीत चिकटवून आणले होते. तिची चूक म्हणता येणार नाही. तिला जे दिसले ते तिने आणले.

मग मी शोधायची रीत बदलली. रोगाच्या नावाऐवजी गोचिडीचे शास्त्रीय नाव रोमन लिपीत अवतरण चिन्हांत टाकायला लागले. शास्त्रीय नाव सगळ्या भाषांत एकच असते हे वर्गात आपण पहिल्याच महिन्यात शिकवतो, पण त्याचा उपयोग मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळला. पीडीएफपुरता शोध मर्यादित केला की जाहिरातींची पाने गळून पडतात. आणि चित्र सापडले की लगेच उतरवून न घेता त्या चित्रावरूनच उलटा शोध घ्यायचा: ते पहिल्यांदा कुठे आले, कोणी काढले, कोणत्या देशात. ठिपक्याच्या फोटोबाबत हे दोन मिनिटांचे काम मी केले असते तर पुढचे काहीच घडले नसते.

अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचा चित्रसंग्रह आरोग्य शिकवणाऱ्यांसाठी मोठा खजिना आहे. बहुतेक चित्रे सार्वजनिक मालकीची, कोणीही वापरावीत अशी. ज्यांवर कोणाचा हक्क आहे त्यांच्याखाली तसे लिहिलेले असते. डास, जंत, जिवाणू, लशी, हात धुण्याची पद्धत असे पुष्कळ मिळते, आणि डेंग्यूच्या पाठासाठी एडिस डासाची चित्रे मी तिथूनच घेते. पण गोचिडींच्या बाबतीत मला दिसल्या त्या बहुतेक तिकडच्याच जाती, लाइम रोग पसरवणाऱ्या आणि तशा. संग्रह तिकडच्या लोकांसाठी आहे, त्यांनी त्यांच्या गोचिडी दाखवल्या. आपल्या दाखवायचे काम आपले.

व्हिडिओंवर तीन रात्री गेल्या. मराठी आणि हिंदीत माकडतापाचे मला मिळाले तेवढे सगळे पाहिले. एकात सांगितले होते की हा ताप माकड चावल्याने होतो. एकात चिकटलेल्या गोचिडीवर रॉकेल टाकायला सांगितले होते, आणखी एकात जळती काडी लावायला. गावोगाव हेच उपाय करतात, म्हणून ते ऐकताना खरेही वाटतात. पण गोचिडीला असे छेडू नये. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला कातडीच्या अगदी लगत धरावे आणि न पिळता, न झटकता, सरळ वर सावकाश ओढावे. नंतर जागा साबणाने धुवावी. बोटांनी चिरडायची तर मुळीच नाही. चौथा एक व्हिडिओ चांगला होता, बोलणारे डॉक्टर शांतपणे सांगत होते, चित्रेही नीट. मी तो उतरवून घेतला. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आले की शेवटी ते प्रतिबंधक लस घ्यायला सांगतात. कर्नाटकात अनेक वर्षे फॉर्मेलिनने निष्क्रिय केलेली लस देत असत, पण तिचा प्रभाव पुरेसा उरला नाही म्हणून २०२२ मध्ये ती थांबवली. व्हिडिओ त्याच्या आधीचा होता. त्या वेळी तो बरोबरच होता. दोडामार्गच्या नातेवाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी पत्रकाचा फोटो पाठवला, त्यातही हेच, आणि त्यावर तारीखच नव्हती.

आरोग्याच्या साहित्यात तारीख ही माझ्या मते पहिली पाहायची गोष्ट. पेशीची रचना दहा वर्षांपूर्वीच्या व्हिडिओतून शिकवली तरी फारसे बिघडत नाही. लस, औषध, प्रथमोपचार यांत बिघडते. जीवशास्त्रातही दुसऱ्या एका कारणासाठी तारीख पाहावी लागते. एनसीईआरटीने २०२२ च्या सुमारास काही धडे वगळले, जसे अकरावीतला पचनाचा. जुन्या पुस्तकावर बेतलेली चित्रफीत धडा क्रमांक सांगते आणि मुले आपल्या पुस्तकात तो क्रमांक शोधत बसतात.

सगळेच शोधणे असे खडतर नव्हते. अमेरिकेतल्या हॉवर्ड ह्यूजेस मेडिकल इन्स्टिट्यूटच्या 'बायोइंटरॅक्टिव्ह'वर रोगप्रतिकारशास्त्राची आभासी प्रयोगशाळा आहे. एलायझा, म्हणजे रक्तातले प्रतिपिंड शोधायची चाचणी, पायरीपायरीने मुलेच करतात: नमुना, धुणे, प्रतिपिंड, पुन्हा धुणे, रंग. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एलायझा कधीच होणार नाही, पण धुण्याची एक पायरी चुकली तर निकाल कसा फसतो ते मुलांनी त्यातून समजून घेतले. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट'ची नैसर्गिक निवडीची आणि जनुक अभिव्यक्तीची प्रारूपे इंटरनेट नसतानाही चालवता येतात, आणि फेटची बरीच प्रारूपे मराठीत भाषांतरितही आहेत. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट गेली की नेटही जाते, म्हणून 'इंटरनेट नसताना चालते का' हा माझा नेहमीचा प्रश्न. किविक्स नावाच्या सोयीने अख्खा मराठी विकिपीडिया पेनड्राईव्हवर घेता येतो. तो मी शाळेच्या संगणकात घालून ठेवला आहे. हेल्थकेअरसाठी भोपाळच्या केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेची रुग्णसेवा सहायकाची पुस्तिका पीडीएफमध्ये फुकट मिळते. नाडी, तापमान, रुग्णाला कुशीवर वळवणे हे त्यात नीट दिले आहे. 'दीक्षा' ही सरकारी शैक्षणिक सेवा २०१७ पासून आहेच. तिच्यात शोधण्यापेक्षा पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून जाणे मला सोपे पडते.

परवान्यांच्या बाबतीत मी सुरुवातीला फार निष्काळजी होते. सापडले की घेतले. वर्गात शिकवण्यासाठी शिक्षकाने काही दाखवले किंवा उतरवून दिले तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम त्याला मुभा देते. पण मला ते चित्र बदलायचे होते, त्यावर मराठी नावे घालायची होती, छापून गावात वाटायचे होते. तिथे क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या परवान्यांची ती दोन-दोन अक्षरे वाचायला शिकले. 'बीवाय' म्हणजे श्रेय द्या. 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी वापरू नका. 'एसए' म्हणजे तुम्ही बदललेले पुढे त्याच अटींवर द्या. आणि 'एनडी' म्हणजे बदलून पुढे देऊ नका. मराठीत काम करणाऱ्याने हे शेवटचे आधी पाहावे, कारण नावांचे भाषांतर हाही बदलच आहे. एका सुंदर जीवनचक्राच्या आकृतीवर मी दोन संध्याकाळी काम केले आणि मग कोपऱ्यातले 'एनडी' दिसले. ती फाईल वाटली नाही. 'बीवाय' एवढेच असेल तर ते शिक्षकासाठी सर्वांत मोकळे. राईस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पातली शरीररचनेच्या पुस्तकाची चित्रे तशी आहेत, आणि 'प्लॉस' गटाच्या संशोधनपत्रिकांतल्या आकृत्याही.

प्लॉसच्या दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या पत्रिकेने मला खरे तर पाठाचा कणाच दिला. २०२० चा एक लेख आहे, पश्चिम घाटात या रोगाचा धोका कुठे जास्त याविषयीचा. इंग्रजी अवघड, संख्याशास्त्र माझ्या आवाक्याबाहेरचे. पण सारांश आणि नकाशा समजला. धोका गर्द, माणूस न जाणाऱ्या जंगलात सर्वाधिक नसून जिथे सदाहरित जंगल, बागायत, शेती आणि गुरे यांची सरमिसळ आहे तिथे जास्त. मी वर्गात नकाशा न दाखवता आधी फळ्यावर एका बाजूला जंगल काढले, मग काजू, मग कुळागर, मग गोठा, मग घर, आणि विचारले, हे कुठले गाव? प्रत्येकाने आपापल्या गावाचे नाव घेतले.

आता चित्राकडे येते, कारण शेवटी सगळे त्यापाशीच येऊन थांबत होते. मला हवी तशी, मोकळ्या परवान्याची, नावे न घातलेली, आपल्या गोचिडीची आकृती मिळालीच नाही. एका जुन्या शोधनिबंधात रेखाटन होते, पण स्कॅन इतका काळा की पाय मोजता येईनात. तेव्हा मी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे गेले. मुलांना गोचिडी गोळा करायला सांगणे हा विचारही मनात आणायचा नव्हता. ज्या रोगापासून त्यांना वाचवायचे त्याच्याच तोंडी त्यांना कसे द्यायचे? डॉक्टरांनी अल्कोहोलमध्ये ठेवलेली एक बाटली काढली. तळाशी वीस-बावीस गोचिडी, काही हरभऱ्याएवढ्या फुगलेल्या, काही तिळाएवढ्या.

"टीचर, यातल्या बहुतेक गुरांच्याच," ते म्हणाले. "तुम्हाला हवी ती तोंडावरून ओळखायची. पाठीवरून नव्हे."

त्यांनी दोन वेगळ्या करून एका कुपीत दिल्या. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली, सर्वांत कमी भिंगावर, बाजूने टॉर्चचा उजेड टाकून पाहिले. गुरांच्या नेहमीच्या गोचिडीच्या सोंडेशेजारची दोन स्पर्शके आखूड, बसकी. दुसरीची दुसऱ्या सांध्यापाशी दोन्ही बाजूंना फाकलेली, टोकदार. जणू चेहऱ्याला दोन कोपरे फुटलेत. हीमाफायसॅलिसची खूण ती. जात स्पिनिजेराच की तिची बहीण, हे ठरवणे तज्ज्ञाचे काम, आणि मी चित्राखाली प्रजातीचेच, म्हणजे नुसते 'हीमाफायसॅलिस' एवढेच नाव लिहिले. मोबाईलचा कॅमेरा नेत्रिकेला टेकवून फोटो काढायला लागले. पहिले वीस फोटो अंधुक. हात हलतो, गोल प्रकाश सरकतो. शेवटी एका मुलीने औषधाच्या बाटलीचे रबरी बूच मधोमध कापून मोबाईल आणि नेत्रिकेच्या मध्ये बसवले, आणि तिसऱ्या प्रयत्नात पायांवरचे केससुद्धा दिसले. आठ पाय सगळ्या वर्गाने मोजले. गोचीड कीटक नसून कोळ्याची नातलग आहे हे मी दरवर्षी सांगते. त्या दिवशी सांगावे लागले नाही.

अंड्यातून निघालेल्या पहिल्या अवस्थेला मात्र सहाच पाय असतात. त्या अवस्थेचे चित्र मी हाताने काढले, आणि मग प्रश्न आला नावांचा. आमची पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकलेली, पाचवीपासून इंग्रजी. बारावीत इंग्रजी संज्ञा पाठ होतात, पण घरी सांगताना शब्द सापडत नाही. लार्व्हाला मराठी विश्वकोशात 'डिंभ' आहे. चांगला शब्द, पण काजू वेचणाऱ्या बाईला तो कळेल का? निम्फ या त्यानंतरच्या अवस्थेसाठी तर काय लिहावे सुचेना. मग शेतीविषयक लेख आठवले. माव्याची, तुडतुड्याची 'पिल्ले आणि प्रौढ' पानांतला रस शोषतात, असे त्यात सरसकट लिहितात. मी 'अंडी, डिंभ, पिल्लू, प्रौढ' असे लिहिले आणि डिंभाखाली बारीक अक्षरात 'सहा पाय'. माणसाला बहुतेक वेळा चावते ते पिल्लूच. प्रौढ गुरांसारख्या मोठ्या जनावरांवर जाते. म्हणून पिल्लाच्या शेजारी तिळाचा दाणा काढला, मापासाठी.

आकृती इंकस्केप या चित्रे काढायच्या संगणकप्रणालीत केली. ही प्रणाली फुकट मिळते आणि तिच्यात नावे चित्रापासून वेगळी राहतात, त्यामुळे मराठी काढून कोकणी किंवा इंग्रजी घालता येतात. देवनागरी जोडाक्षरे दुसऱ्या संगणकावर उघडली की मोडत होती: 'स्पर्शक'मधला रफार भलत्याच अक्षरावर, 'डिंभ'ची वेलांटी बाजूला निघालेली. आमच्या संगणक शिक्षकांनी सांगितले की छपाईसाठी पाठवताना अक्षरांचे रेषांत रूपांतर करा आणि मूळ फाईल वेगळी जपा. तेव्हापासून मी प्रत्येक आकृतीच्या तीन फाईली ठेवते: बदलता येणारी, छापायची, आणि नावे नसलेली. नावे नसलेली मुलांसमोर ठेवते, नावे तीच घालतात. परीक्षेच्या उपयोगाचीही तीच.

गावात वाटायच्या पत्रकाचा मजकूर गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, शिकणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने तिच्या शिक्षकांना दाखवून आणला. दोन दुरुस्त्या आल्या. मी 'ताप उतरला की धोका टळला' अशा अर्थाचे लिहिले होते. दहा ते वीस टक्के रुग्णांत ताप उतरून काही दिवस गेल्यावर तो पुन्हा येतो, आणि त्या वेळी मेंदूशी संबंधित लक्षणे दिसू शकतात, तेव्हा ते वाक्य काढले. दुसरी, 'गोचीड चावल्यानंतर ३ ते ८ दिवसांत ताप' हे ठळक करायला सांगितले, कारण लोक तोवर चावलेले विसरून जातात. या रोगावर खास औषध नाही, पण वेळेत दवाखान्यात पोचले तर आधाराच्या उपचारांनी बहुतेक रुग्ण बरे होतात, हेही घातले. नाहीतर वाचणारा घाबरून दवाखान्यात जायचेच टाळेल.

जानेवारीत, काजूचा मोहोर असतानाच, पत्रक मुलांच्या हाती दिले. एका पानाचे, दोन्ही बाजूंनी. पुढे गोचीड, मापाचा तीळ, जीवनचक्र. मागे काय करायचे: अंगभर कपडे, अंगाला गोचीड-प्रतिबंधक तेल, बागायतीतून आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडेही गरम पाण्यात, पातेऱ्यावर बसायचे नाही, मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवायचे. माकडे मेलेल्या भागातला पातेरा गोठ्यात गुरांखाली घालायला आणायचा नाही. हे शेवटचे वाक्य मुलांनीच घालायला लावले, कारण 'टीचर, आमचा गोठा सगळा त्यावरच चालतो.'

दोन आठवड्यांनी केरीच्या बाजूच्या एका विद्यार्थिनीची आई शाळेत आली. पत्रक चार घड्या करून बटव्यात ठेवलेले. तिने ते माझ्यासमोर उघडून मागच्या बाजूच्या ओळीवर बोट ठेवले.

"टीचर, इथे लिहिलेय चिमट्याने काढा. घरात सांडशी आहे, निखारे उचलायचा चिमटा आहे. मी तोच घेऊन बसले. तेवढीशी ती, त्यात धरणार कशी?"

मी लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळेतला चिमटा होता. तिच्या घरात चिमटा म्हणजे चुलीचा. मी पर्स उघडून भुवया कोरायचा चिमटा काढून दाखवला. तिने तो हातात घेऊन दोन-तीनदा मिटला-उघडला, टोकाने स्वतःच्या पदराचा एक धागा धरून पाहिला आणि म्हणाली, "हा? हा तर वाळपईच्या फेस्तात वीस रुपयांना मिळतो. तसे लिहा ना मग."

पत्रकाच्या चौथ्या आवृत्तीत त्या चिमट्याचा फोटो आहे, एका मुलीच्या तळहातावर ठेवून काढलेला, बाजूला तीळ. परवाना फक्त 'बीवाय'. श्रेय बारावी विज्ञानच्या वर्गाचे.